आता पळतोय, म्हणजे मघाशी नाटक होतं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, ते छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातलं लागेल तेवढंच इथे देतो.

"मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. सहावीपासून खो-खो खेळतो. वर्षभर झालं, पाय फार दुखतात. सरावाला मैदानाच्या दोन फेऱ्या मारल्या की पिंढऱ्या दगडासारख्या होतात, मांड्या भरून येतात. मग तो खाली बसतो. पाच-सात मिनिटं सावकाश चालला की पुन्हा चांगला पळतो. सर म्हणतात, बघा, आता पळतोय, म्हणजे मघाशी नाटक होतं. एक्स-रे काढला, काही नाही. व्हिटॅमिन डी कमी निघालं, आठवड्याला एक अशा गोळ्या झाल्या, फरक नाही. मग रक्त तपासलं तर लिव्हर खराब निघालं. एसजीओटी १८६, एसजीपीटी ९८. बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफी चांगली. तीन महिने लिव्हरचं औषध चालू आहे. तेल, तूप, शेंगाचटणी सगळं बंद. जानेवारीत, गड्डा जत्रेच्या दिवसांत सामना होता. त्या रात्री त्याला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. दोन दिवसांत आपोआप साफ झाली, काविळीचंच असेल म्हणून कुणाला बोललो नाही. वडील म्हणतात, कामचुकार झालाय. सासूबाई, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याच, रोज दृष्ट काढतात. आता एका डॉक्टरांनी सांगितलं, शरीरात काही नाही, मानसिक आहे. पोरगं घरात बोलेनासं झालंय. खेळाडूंच्या आरक्षणातून पोलिसात जायचं त्याच्या मनात आहे. काय करू?"

ताई, आधी लघवीचं बोलू, बाकी सगळं नंतर. जोराच्या खेळानंतर काही तासांत कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी लघवी होणं याला काविळीच्या खात्यात टाकायचं नाही. स्नायू आतून फुटले की त्यातला लालसर रंगाचा मायोग्लोबिन रक्तात उतरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. तो जास्त झाला तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात. पुन्हा एकदा जरी तसं झालं, तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, त्याला घेऊन सिव्हिलच्या अपघात विभागात जा. स्वच्छ बाटलीत ती लघवी थोडी धरून न्या. तिथे सांगा की खेळल्यावर झालीय, आणि सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम बघा. लघवीच्या पट्टीवर "रक्त" दिसेल, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फारशा दिसणार नाहीत. ही विसंगती डॉक्टरांना बरंच काही सांगून जाते. आणि तोवर दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काही द्यायचं नाही, सुईही टोचून घ्यायची नाही. स्नायू फुटलेले, अंगात पाणी कमी आणि वर दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचं काही खरं नसतं. ते जानेवारीत झालं हेही मी मुद्दाम लक्षात घेतलंय. एप्रिल-मेच्या सोलापुरात ४२ अंशांत खेळून तसं झालं असतं तर दोष उन्हाला देता आला असता. संक्रांतीच्या थंडीत ते कारण पुरत नाही.

आता ते लिव्हर.

एसजीओटी आणि एसजीपीटी यांना आपण सरसकट "लिव्हरच्या तपासण्या" म्हणतो आणि लॅबच्या कागदावरही त्या लिव्हरच्याच मथळ्याखाली छापून येतात. पण ही दोन्ही एन्झाइमं स्नायूंतही असतात. स्नायूला मार बसला की ती रक्तात येतात, आणि त्यातही एसजीओटी जास्त चढतं. तुमच्या मुलाचं तसंच आहे, १८६ आणि ९८. बिलिरुबिन ठीक, सोनोग्राफी ठीक, पोरगं पिवळं नाही, जेवण व्यवस्थित, आणि तक्रार काय तर पाय दुखतात! तरी औषध चाललंय यकृताचं. मला इथे थोडा राग येतो, तो तुमच्यावर नाही. ज्या पोराची तक्रार पायाची आहे, त्याच्या पायाच्या स्नायूंचं एक साधं रक्त तपासायचं राहून गेलं, ते म्हणजे सीपीके. जीजीटी नावाचं दुसरं एक एन्झाइम आहे, ते यकृताचं आणि पित्तमार्गाचं. स्नायू फुटले म्हणून ते वाढत नाही. एसजीओटी वाढलेलं, जीजीटी नॉर्मल आणि सीपीके भरमसाट, असं चित्र आलं तर तीन महिने शेंगाचटणी उगाच बंद होती असं समजायचं.

सीपीके कसं करायचं तेही सांगतो, कारण इथे घोळ होतो. त्याआधी किमान पाच-सहा दिवस सराव नको, जिम नको, जोरात मालिश नको आणि कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन नको. बी-१२ ची सुईसुद्धा नको. धडधाकट खेळाडूचंही सीपीके जोराच्या सरावानंतर कित्येक पटींनी चढतं आणि दोन-चार दिवस चढलेलं राहतं. तसा कागद घेऊन गेलात तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचं चूकही म्हणता येणार नाही. विश्रांतीनंतरही ते वाढलेलंच राहिलं, तर मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं. लॅबमध्ये "सीपीके टोटल" असं स्पष्ट सांगा. नाहीतर काही ठिकाणी हृदयासाठीचं सीपीके-एमबी करून हातात देतात. त्याच रक्तात जीजीटी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम आणि टीएसएच करून घ्या. थायरॉइड मंदावलं तरी स्नायू दुखतात आणि सीपीके वाढतं. ते साध्या गोळीनं बरं होतं, म्हणून आधी ते बघून टाकलेलं बरं. यातली एकही तपासणी सोलापूरच्या बाहेर जाऊन करण्यासारखी नाही.

आता पत्रातली ती ओळ, जिच्याशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. पहिल्या दोन फेऱ्यांत पाय दगड होतात, थांबून सावकाश चाललं की पुन्हा पळता येतं. सरांनी याचा अर्थ नाटक असा लावला. मला ती ओळ वाचून नेमकं उलट वाटलं. नाटक करणारं पोर असं वेळापत्रक पाळत नाही. नुसतं दमलेलं पोरही नाही. ते सुरुवातीला ताजं असतं आणि शेवटी ढेपाळतं. सुरुवातीला कोलमडायचं आणि थोड्या वेळानं सावरायचं, हा क्रम उलटा आहे, आणि असा उलटा क्रम दाखवणारे आजार मोजकेच आहेत.

त्यातला एक सांगतो. स्नायूत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एकदम जोर लावायची वेळ आली की पहिल्या काही मिनिटांत स्नायू हाच साठा फोडून वापरतो. काही माणसांत तो फोडणारं एन्झाइम जन्मापासून नसतं. घरात ज्वारीची कणगी काठोकाठ भरलेली, पण तिचं तोंडच उघडत नाही, तशी गत. जोर लावला की स्नायू आखडतो, गोळे येतात, फारच रेटलं तर फुटतो आणि लघवी काळपट होते. पण वेग कमी करून सात-आठ मिनिटं अंग हलतं ठेवलं की रक्तातली साखर आणि चरबी स्नायूपर्यंत पुरेशी पोचायला लागते आणि माणसाचा दम परत येतो. लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांनी १९५१ साली असा पहिला रुग्ण नोंदवला, म्हणून त्याला मॅकआर्डलचा आजार म्हणतात. तो रुग्ण ३० वर्षांचा होता आणि लहानपणापासून जरा श्रम झाले की त्याचे स्नायू दुखायचे. म्हणजे त्यालाही समजून घेणारा डॉक्टर भेटायला तितकी वर्षं गेली. आजार दुर्मीळ आहे, लाखात एखाद्याला होणारा. त्यामुळे बहुतेक डॉक्टरांच्या अख्ख्या कारकिर्दीत तो एकदाही समोर येत नाही, आणि तो चटकन कुणाला सुचला नाही याबद्दल मी कुणाला फार बोल लावणार नाही.

खो-खोचा आणि याचा संबंध बघा. पाटीवर उकिडवं बसून राहायचं, म्हणजे मांड्या-पोटऱ्या ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवायच्या, आणि खो मिळाला की त्याच स्नायूंनी एकदम उसळून जीव खाऊन पळायचं. कणगीतल्या साठ्याशिवाय जे जमत नाही, नेमकं तेच या खेळात सतत लागतं. हाच मुलगा लांब पल्ल्याचं सावकाश धावणारा असता, तर कदाचित दुखणं इतकं लवकर उघडं पडलं नसतं.

त्याला जवळ बसवून काही गोष्टी विचारा, पण उलटतपासणीच्या सुरात नको. नळाला पाणी येतं त्या दिवशी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढताना बोटं आखडून बसतात का? आखडलेली मूठ लगेच उघडते की काही वेळ तशीच राहते? दुखणं खेळ सुरू झाल्यावर किती मिनिटांनी येतं? लहानपणी शाळेत शिक्षेला उकिडवं बसवलं तर काय व्हायचं? आणि काविळीसाठी म्हणून उसाचा रस पाजत असाल तर, तो पिऊन लगेच मैदानावर गेला त्या दिवशी पळणं सोपं गेलं का? या आजारात खेळाच्या जरा आधी पोटात गेलेली साखर तात्पुरती उपयोगी पडते, म्हणून विचारतोय. यातून औषधाचा शोध लावून घरीच रसाचे पेले सुरू करू नका. उत्तरं त्याच्याच शब्दांत, तारखा घालून वहीत लिहा. डॉक्टरांपुढे ती वही एमआरआयपेक्षा जास्त कामाची ठरेल.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. सासूबाई तुमच्या सख्ख्या आत्या आहेत हे तुम्ही ओघात लिहिलंय. आपल्याकडे, आणि खाली कर्नाटकापर्यंत, आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देणं ही घरोघरची रीत. डॉक्टरांनी विचारलं तर लपवू नका, आणि विचारलं नाही तर आपणहून सांगा. मॅकआर्डलसारख्या आजारात आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. एकेक असलेले आई-बाप स्वतः ठणठणीत असतात, त्यांना आयुष्यभर पत्ताही नसतो. नात्यात लग्न झालं की तेच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि तसं असलं तर प्रत्येक मुलामागे २५ टक्के शक्यता आजाराची. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा दोष नाही, आणि हे वाक्य घरात भांडणाला वापरायचं नाही. तुमच्या माहेरी किंवा मामांकडे कुणा पुरुषाला तरुणपणी चालायला त्रास झाला होता का, हेही आठवून ठेवा. मुलग्यांमध्ये स्नायू हळूहळू झिजवणारा बेकर नावाचा एक आजार आईच्या बाजूने येतो. त्यातही पोटऱ्या दुखतात, सीपीके खूप वाढतं, आणि पोटऱ्या उलट भरदार दिसतात. म्हणून नुसत्या सीपीकेवर निदान ठरत नाही.

सीपीके वाढलेलं निघालं तर पुढचा माणूस न्यूरॉलॉजिस्ट. "मानसिक आहे" ऐकून आलेल्या घराला हा शब्द ऐकून धस्स होतं, पोराला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतायत असं वाटतं. तसं काही नाही. स्नायूंचे आजार न्यूरॉलॉजीतच येतात. सोलापुरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, सुरुवात इथेच करा. पुढे गरज पडली तर मूठ आवळायला लावून ठरावीक वेळानं रक्त घेण्याची एक तपासणी असते, त्यात लॅक्टेट, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा फोडून वापरल्यावर तयार होणारा पदार्थ, चढतं की नाही ते बघतात. मॅकआर्डलमध्ये ते चढत नाही, अमोनिया मात्र चढतो. शिवाय रक्तातून जनुकाची तपासणी होते, त्यामुळे स्नायूचा तुकडा काढायची वेळ पूर्वीइतकी येत नाही. लांब जायची वेळ आलीच, तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्नायूंच्या आजारांचं काम मोठं आहे, आणि सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. पण ही फार पुढची गोष्ट. आधी स्थानिक रक्ततपासणी.

आणि सीपीके चक्क नॉर्मल आलं तर? मग मी वर लिहिलेल्यातलं बरंचसं बाजूला ठेवायचं, आणि तरीही दुखणं खोटं ठरवायचं नाही. पोटऱ्यांच्या कप्प्यात दाब वाढून ठरावीक अंतरानंतर पाय भरून येणं, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाणं, विश्रांतीशिवाय सराव लादला जाणं, अशी कारणं आहेत. ती खेळाडूंची हाडं-स्नायू बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे उलगडतात. बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या. सकाळी उठताना कंबर धरणं आणि हालचालीनं मोकळं होणं असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच जागी, विशेषतः गुडघ्याजवळ, रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा सूज, सोबत ताप किंवा वजन घटणं, हे कधीच थांबवून ठेवू नका. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. जिममधली कुठली पावडर किंवा गोळी चालू आहे का, हे मात्र वडिलांसमोर न विचारता एकट्याला विचारा.

व्हिटॅमिन डीचं एका ओळीत: कमी होतं, भरून काढलं, बरं केलं. आता फरक नाही म्हणून मनानं पुन्हा ६०,००० युनिटच्या गोळ्या सुरू करू नका. जास्तीचं डी कॅल्शियम वाढवतं आणि तेही मूत्रपिंडालाच भोवतं. लिव्हरचं औषध ज्यांनी दिलंय त्यांना सीपीकेचा कागद दाखवून त्यांच्याच संमतीनं थांबवा. शेंगाचटणी आणि भाकरी मात्र आजपासून द्यायला माझी काही हरकत नाही.

सरांशी बोलायला शक्यतो वडिलांना पाठवा. यानं दोन गोष्टी साधतील, कारण सरांना समजावून सांगताना वडिलांना स्वतःलाही ते ऐकावं लागेल. सरांना एवढंच सांगायचं: तपासणी पूर्ण होईपर्यंत स्पर्धा नाही, स्प्रिंट नाही, उठाबशा नाहीत, शिक्षेच्या फेऱ्या तर मुळीच नाहीत. मैदानावर यायला बंदी नाही. सावकाश चालावं, गुण लिहावेत, वेळ लावावी. १७ वर्षांच्या मुलाला मैदानापासून तोडलं तर पाय बरे होईपर्यंत तो मनानं खरंच आजारी पडेल, आणि मग "मानसिक" म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळेल. तो बोलत नाही याची काळजी मला आहेच. पण वर्षभर ज्याचं खरं कुणी मानलं नाही, त्यानं गप्प बसण्यात मला नवल वाटत नाही. "तुझं दुखणं खरं आहे, आम्ही चुकीचं तपासत होतो," हे वाक्य आधी वडिलांच्या तोंडून जाऊ द्या.

पोलीस भरतीबद्दल खोटी आशा देत नाही. तिथे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि आखडणाऱ्या स्नायूंना १०० मीटर आणि गोळा हे दोन्ही वैरी. दुखण्याची गोळी घेऊन मैदानात उतरणारी पोरं मी पाहतो; तुमच्या मुलाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. मॅकआर्डल निघालाच तर तो मुळातून बरा करणारं औषध आज नाही. पण आधी सावकाश अंग गरम करून, नियमित आणि मध्यम व्यायाम करत माणसं नोकरी-संसार सगळं करतात; अंथरुणाला खिळणं हा त्याचा शेवट नसतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून या वयाच्या पोरांची स्वप्नं वाढलीत हे मला ठाऊक आहे. त्यामुळे "खो-खो सोड" हे त्याला आज, तपासणीच्या आधी, तुम्ही सांगू नका. निदान झाल्यावर डॉक्टरच त्याला समोर बसवून सांगतील, काय जमेल आणि काय नाही. पंच व्हायलाही खेळ आतून कळलेला माणूस लागतो, पण तो विषय त्यानं काढला तरच.

धाकटी बहीण असल्याचं तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंय. तिला काही त्रास नाही, तर तिला आत्ताच सुया टोचू नका. थोरल्याचं निदान पक्कं झालं आणि ते आनुवंशिक निघालं, तर तिचं एक सीपीके करून घ्या. आणि कुठल्याही ऑपरेशनची वेळ आली, अगदी अपेंडिक्सची, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मुलाच्या सीपीकेचा कागद आधी दाखवा.